झाकली मूठ

१

बेबीचं वय सत्तेचाळीस होतं, पण घरात तिला दुसऱ्या कुठल्या नावानं कोणी हाक मारली नव्हती. बावीस वर्षं तिने एका छापखान्यात मुद्रितं तपासली. लोकांची वाक्यं जागच्या जागी बसवली, लोकांच्या वेलांट्या दुरुस्त केल्या. पुस्तकावर तिचं नाव कधीच नसे, पण आत एखादी चूक राहिली की ती मात्र बरोबर तिच्या माथी येई. मधल्या काळात तिने स्वतःची एक कादंबरीही लिहिली. छापखान्याच्या मालकांनी ती महिनाभर ठेवून घेतली आणि परत देताना म्हणाले, "भाषा अगदी स्वच्छ आहे हो तुमची. इतकी स्वच्छ, की कुठे हाताला काही लागतच नाही."

छापखाना बंद पडला त्याच वर्षी आईला झटका आला आणि तिची डावी बाजू गेली. भाऊ दुसऱ्या गावी होता. तो दर रविवारी फोन करी आणि काय काय करायला हवं ते सांगे. वडिलांच्या मागे आईला मिळणारं निवृत्तिवेतन औषधांना पुरत होतं. पोटाचा प्रश्न बेबीचा बेबीने सोडवायचा होता. आईला एकटं टाकून नोकरीला जाणं शक्य नव्हतं. म्हणून तिने फोनवर कथा वाचायच्या एका संकेतस्थळावर लिहायला सुरुवात केली. 'शेजारीण' हे टोपणनाव घेतलं. तिथला हिशोब सोपा होता: वाचक जितका वेळ तुमच्या पानावर थांबेल, तितके तुमचे पैसे.

सुरुवातीला कोणी थांबत नसे. तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हलक्याफुलक्या गोष्टी लिहिल्या. त्यांना अकरा वाचक मिळाले, आणि त्यांतली एक वहिनी होती.

मग एके दिवशी तिने आईची मूठ उघडली.

झटक्यानंतर वर्षभरात आईच्या डाव्या हाताची बोटं हळूहळू आत वळून घट्ट मिटली होती. ती रोज सोडवून तळवा पुसायचा, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. बेबीने ते दहा दिवस टाळलं. अकराव्या दिवशी हातमोजे घालून, श्वास रोखून तिने एकेक बोट सोडवलं, आणि आतून जो वास आला तो नाकातून थेट पोटात गेला. बेसिनपाशी जाऊन ती ओकली. तोंड धुतलं, आणि तशीच ओल्या बाह्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने ते सगळं एका बैठकीत लिहून काढलं. रागानं लिहिलं. स्वतःचा राग होता की आईचा, हे तिलाही सांगता आलं नसतं. भागाला नाव दिलं 'झाकली मूठ'.

आठवड्याभरात तो भाग चाळीस हजार लोकांनी वाचला. "मळमळलं, पण थांबता आलं नाही," असं कोणीतरी खाली लिहिलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. उघडली तर किती, ते बेबीला महिनाअखेरीस कळलं. तिने थकलेलं वीजबिल भरलं आणि आईसाठी हवेची गादी आणली.

२

संकेतस्थळावर लेखकाला आपल्या मजकुराचे आकडे पाहता येत. बेबी ते सकाळी दूध तापायला ठेवून पाही. प्रत्येक भागासमोर 'आत्ता वाचत आहेत' असं लिहिलेलं असे आणि पुढे आकडा. तो सारखा हलायचा. दुपारी वाढायचा, पहाटेपर्यंत शून्यावर यायचा.

'झाकली मूठ'चा आकडा शून्यावर येत नव्हता. सगळे निघून गेले तरी तिथे एक उरायचा.

पहिल्यांदा तिला बरंच वाटलं. मग तिने खोलात जाऊन पाहिलं. वाचक कुठल्या ओळीवर रेंगाळतात तेही तिथे कळायचं. त्या ओळीमागे फिकट करडा पट्टा दिसे. हा एक वाचक एकाच वाक्यावर होता. बोटं सोडवताना तळव्याची पांढरी, भिजलेली कातडी नखाबरोबर निघून आली आणि तिला आंबलेल्या दुधाचा वास होता, असं ते वाक्य होतं. त्या वाक्यावर तो नऊ दिवस होता.

तिने मदत कक्षाला लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं: एखाद्या वाचकाने पान उघडं ठेवून फोन बाजूला ठेवला असावा, काळजीचं कारण नाही. बेबीला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. फक्त तो करडा पट्टा स्थिर नव्हता, एवढं तिने त्यांना कळवलं नाही. तो वाक्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत सावकाश सरकायचा, आणि पुन्हा सुरुवातीला यायचा. पुन्हा शेवटाकडे. एखादं जनावर ताट चाटतं तसा.

हे तिच्या मनात आलं आणि तिने दूध न पिताच ओतून दिलं.

३

नर्सबाई आठवड्यातून दोनदा येत. त्यांनी आईची मूठ उघडली आणि बेबीकडे वळून कौतुकानं म्हणाल्या की हात फार छान ठेवला आहे, असा स्वच्छ तळवा त्यांनी पडून असलेल्या माणसाचा कधी पाहिला नव्हता.

ओकल्यापासून बेबीने त्या मुठीला हात लावला नव्हता.

तिने वाकून पाहिलं. तळवा गुलाबी होता. कुठे मळ नाही, कुठे सुटी कातडी नाही, नखांच्या खालीही काही नाही. पण तो ओला होता, आणि बोटांची टोकं खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतली होती. नर्सबाई म्हणाल्या, मूठ बंद असते ना, घामानं होतं असं, जरा कापूस ठेवत जा. बेबीने मान डोलावली. त्या गेल्यावर तिने नाक जवळ नेलं. घामाचा वास नव्हता. मूल अंगठा चोखून बाहेर काढतं, तेव्हा त्या अंगठ्याला येतो तो वास होता.

तिने कापूस ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पलंगाखाली पडलेला होता, चिंब, गोळा होऊन. तिने झाडूनं तो सुपलीत ओढला आणि सुपलीही फेकून दिली.

सगळ्याची कारणं तिच्याकडे होती. आई उजव्या हातानं डावी मूठ तोंडात धरत असेल, म्हातारी माणसं लहान मुलांसारखी होतात. हे कारण चांगलं होतं. ती दाराच्या फटीतून दोन सकाळी पाहत राहिली. आईचा उजवा हात पांघरुणावर नुसता पडून होता.

४

लिहिणं मात्र थांबवता येत नव्हतं. वाचकांना शेजाऱ्यांच्या गोष्टी नको होत्या. "पुन्हा आईबद्दल लिहा," असं ते लिहीत. आणि खरं सांगायचं तर तो एक वाचक दिवसाचे चोवीस तास थांबायचा, त्यामुळे बाकी सगळ्यांचे मिळून येत तितके पैसे त्याच्या एकट्याचे येऊ लागले होते. बेबीने दुसरा भाग लिहिला. आईच्या डाव्या कानामागे धरलेल्या खपलीबद्दल: तिचा पिवळा रंग, तिच्यात अडकलेले केस, ती सुटते तेव्हाचा बारीक आवाज. लिहिताना अंगावर शहारे येत होते, आणि ते चांगलं उतरतंय हेही कळत होतं. भाग प्रसिद्ध केला त्याच क्षणी आकडा उमटला. एक.

चौथ्या दिवशी सकाळी निवृत्तिवेतनाच्या कार्यालयातला एक कारकून घरी आला. माणूस जिवंत आहे याचा दाखला म्हणून दहाही बोटांचे ठसे लागत. त्याने आईच्या उजव्या हाताचे ठसे पटापट घेतले. डाव्या हाताचं एकही बोट यंत्र घेईना. त्याने काच पुसली, बोटं पुसली, मग अंगठा उजेडाकडे धरून पाहिला.

"रेषाच नाहीत," तो म्हणाला. मग बेबीचा चेहरा पाहून त्याने समजूत घातली, की आयुष्यभर कामं केलेल्या बायकांच्या झिजतात, त्याला एका हातावर भागवता येईल. त्याने आपला हात रुमालाला पुसला, दोनदा पुसला, आणि चहा न घेताच गेला.

दारापर्यंत त्याला सोडून बेबी परत येत होती तेव्हा आईच्या खोलीतून आवाज आला. अगदी हळू, ओला आणि नियमित. थोडा लांबलेला, मग अंमळ थांबून पुन्हा. नळ गळत असेल असं म्हणून ती आधी न्हाणीघरात गेली. नळ कोरडा होता. स्वयंपाकघरातलाही. ती खोलीच्या दाराशी आली आणि आवाज थांबला.

आई उजव्या कुशीवर होती, डोळे मिटलेले. डाव्या कानावरचे पांढरे केस ओले होऊन एकाच दिशेला चप्प बसले होते, खालून वर. गाईनं नुकतंच चाटलेलं वासरू असतं ना, तसे. खपली नव्हती. कानाची पाळी इतकी पातळ झाली होती की खिडकीचा उजेड तिच्यातून आरपार येत होता.

५

बेबीने दोन्ही भाग त्याच दुपारी काढून टाकले. संकेतस्थळाने तीन वेळा विचारलं, खात्री आहे का. तिने तीन वेळा हो म्हटलं. पान कोरं झालं. त्यावर लिहून आलं की हा मजकूर आता उपलब्ध नाही. त्याखाली नेहमीच्या जागी होतं: आत्ता वाचत आहेत, एक.

स्वतःचंच दुसऱ्या कुठे पान उघडं राहिलं असेल म्हणून तिने फोन बंद केला, घरातलं इंटरनेट बंद केलं, आणि समोरच्या दुकानात जाऊन तिथल्या संगणकावर पाहिलं. एक. दुकानदार म्हणाला, "ताई, बरं नाही का? पाणी देऊ?" त्याने पुढे केलेल्या पेल्याच्या काठावर कोणाच्या तरी ओठांचा ठसा होता. ती पेला तसाच ठेवून बाहेर आली.

भावाचा फोन रविवार नसताना आला. वहिनीनं ते भाग काढायच्या आधीच वाचले होते आणि त्याला सगळं सांगितलं होतं. भाऊ सहसा आवाज चढवत नसे. त्या दिवशीही त्याने चढवला नाही.

"आईचं अंग विकायला काढलंस तू?" तो म्हणाला.

"तू एकदा येऊन ती मूठ उघड," बेबी म्हणाली. "मग बोल."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला काय म्हणायचं. भावाने फोन आईच्या कानाला लावायला सांगितला. बेबीने तो उजव्या कानाला धरला. भाऊ काय काय बोलत होता ते तिला शब्दशः ऐकू येत नव्हतं, पण कळत होतं. आई ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्याची डावी बाजू हलत नसे आणि उजवी तिने हलवली नाही. शेवटी ती "बरं" म्हणाली आणि तिने मान फिरवली.

बेबी फोन घेऊन खोलीबाहेर जाऊ लागली तेव्हा आईनं तिला थांबवलं. झटक्यापासून आईला एकेक शब्द जिभेवर जुळवून मग बाहेर सोडावा लागे.

"काय लिहिलंस, ते वाच."

६

बेबीने खूप आढेवेढे घेतले. सगळं पुसून टाकलं म्हणाली. ते खोटं होतं, तिच्याकडे प्रत होती, आणि ते माहीत असल्यासारखी आई नुसती पाहत राहिली. अखेर बेबीने खुर्ची पलंगापासून हातभर दूर ओढली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि वाचायला लागली.

दुपारचे साडेतीन झाले असतील. खिडकी उघडी होती, बाहेर कोणीतरी सायकलला हवा भरत होतं. स्वतःच्या आईला तिच्याच देहाबद्दल ते वाचून दाखवणं इतकं लाजिरवाणं होतं की बेबीचा आवाज सपाट झाला, छापखान्यात मूळ प्रत वाचून दाखवायची तसा. तळव्याचा मळ. नखं. हातमोजे. मी माझ्या आईला दोन बोटांनी उचलते, मेलेलं काही उचलावं तशी, हे वाक्यही तिनेच लिहिलं होतं. तेही तिने वाचलं. मग ते वाक्य आलं, आंबलेल्या दुधाचं, आणि बेबीला मान वर करावीशी वाटली.

आईचा डावा हात चादरीवर होता. मिटलेली मूठ सैल होत होती. करंगळी उघडली, मग तिच्या शेजारचं बोट. आई ते करू शकत नव्हती. चौदा महिन्यांत केलं नव्हतं. उघडलेल्या बोटांवर ओल चढत गेली, आधी टोकांवर, मग पेरांवर, आणि ती चकाकू लागली. हाताच्या पुढ्यात गादीला एक खळगा पडला होता. वासराची हनुवटी टेकावी एवढा. तो खळगा किंचित मागेपुढे होत होता, आणि त्याच्या लयीत आईचा हात हलत होता, हळूच ओढला जात होता, हळूच सोडला जात होता. जिथून ओल येत होती तिथे काहीतरी क्षणभर उजेडात आलं. करडं, रुंद, आणि त्यावर बारीक काटे. बेबीने डोळे मिटले.

उघडले तेव्हा गादी सपाट होती. मूठ उघडी होती.

"आई, मी सगळं काढून टाकलंय," ती घाईघाईनं म्हणाली. "आता ते कोणी वाचत नाही."

"वाचतो की," आई म्हणाली.

बेबीला 'कोण' असं विचारायचं होतं. तोंडात इतकी कडवट लाळ साचली होती की शब्द फुटेना, आणि ती गिळायचीही किळस येत होती.

"चांगलं लिहिलंस," आई शब्द जुळवत म्हणाली. "खरं लिहिलंस." मग थोडं थांबून, लहानपणी ताप आल्यावर समजूत घालायची त्याच सुरात ती म्हणाली, "तुला किळस येते. यायचीच. त्याला येत नाही."

सायकलला हवा भरणारा निघून गेला होता.

"पाठीचं लिही," आई म्हणाली. "मधोमध खाजतं. माझा हात पोचत नाही."

७

बेबी रडली नाही. तिने पाणी कोमट केलं, मऊ टॉवेल घेतला, आईला कुशीवर वळवलं आणि झबल्याच्या नाड्या सोडल्या. पाठीवर लाल चट्टे होते, घामाचं पुरळ होतं, कण्याच्या मधोमध कातडी ओली होऊन सोलवटली होती. वास होता. तिने उघडा हात त्यावर ठेवला. तिने दात आवळले आणि हात काढला नाही. ती पाठ पुसत राहिली, बोटांनी हलकं खाजवत राहिली, आणि मनात म्हणत राहिली, हे मी आधीच करायला हवं होतं, एवढंच तर होतं, एवढंच.

आई बेबीचं पुसून होईपर्यंत थांबली. एखाद्या घरी नको असलेला चहा आपण ज्या शहाणपणानं संपवतो, त्याच शहाणपणानं थांबली.

"राहू दे, बेबी," मग ती म्हणाली. "तुझा हात फार कोरडा आहे."

आणि जिला स्वतःहून कूसही बदलता येत नसे, त्या आईनं उजव्या हातानं पलंगाचा कठडा धरला, कण्हत, घाम गाळत स्वतःला भिंतीकडे ओढलं, आणि पाठीमागे जागा करून दिली.

बेबी उठली. तिने स्वयंपाकघरात जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले. मग टेबलाशी बसून कोरं पान उघडलं. त्याला अजून नाव नव्हतं, एक अक्षरही नव्हतं. आत्ता वाचत आहेत: एक.

नाही लिहिलं तर काय होईल, याचा तिने प्रामाणिकपणे विचार केला. काहीच होणार नाही. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहील, पाठ खाजत राहील, आणि संध्याकाळी ती पुन्हा हात लावायला जाईल आणि आई पुन्हा सोसून घेईल.

तिने पाठीबद्दल लिहायला घेतलं. काहीही गाळलं नाही. पुरळ, चट्टे, सोलवटलेली कातडी, बोटांना लागलेली चिकट ओल. घशाशी आलेलं परत गिळत तिने ते जसंच्या तसं उतरवलं. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत आतून तो आवाज सुरू झाला. लांब, ओला, सावकाश. आणि त्याच्याखाली दुसरा आवाज होता, जो बेबीने वडील गेल्यापासून ऐकला नव्हता. आई गुणगुणत होती. चाल नव्हती, नुसता सुखाचा हुंकार.

बेबीने पूर्णविराम दिला. दोन्ही आवाज थांबले.

"बेबी?" आतून आईनं विचारलं. त्या हाकेत भीती होती, अंधारात हात सुटलेल्या मुलाची असते तशी.

बेबीने तो पूर्णविराम खोडला, तिथे स्वल्पविराम दिला, आणि वाक्य पुढे लिहायला घेतलं.